सर्व्हर जिवंत, फाइल बेपत्ता!

१४ जानेवारी २०२१. आपल्याकडे संक्रांतीची दुपार, घड्याळात १ वाजून ५५ मिनिटं ३६ सेकंद. नेमक्या त्या क्षणी एका फाइल सिस्टिमवर खरोखरच संक्रांत आली. ओपनएएफएसच्या १.८ मालिकेतला (१.८.६ पर्यंतचा) जो प्रोग्रॅम त्यानंतर सुरू झाला, त्याला सर्व्हरशी धड बोलताच येईना. आधीपासून चालू असलेली यंत्रं मात्र बिनघोर चालू. म्हणजे ‘काहीतरी गडबड दिसतेय, एकदा रीस्टार्ट करून बघू’ असं म्हणणारा शहाणाच फसला! संगणकाच्या दुनियेतला सर्वांत जुना रामबाण उपाय त्या दिवशी दुखण्याचं कारण ठरला.

झालं होतं असं. संगणक १ जानेवारी १९७० च्या ग्रिनिच मध्यरात्रीपासून सेकंद मोजत आलाय. त्या दुपारी ही मोजणी १,६१,०६,१२,७३६ वर पोचली. आकडा आपल्याला चारचौघांसारखाच दिसतो, पण सोळाच्या पटीत मोजणाऱ्या यंत्राच्या लेखी तो ६ आणि पुढे सात शून्यं, असा एकदम गरगरीत होतो. प्रत्येक नव्या जोडणीला वेगळा क्रमांक देताना वेळेचा आकडा वापरला जात होता. कोडमधल्या चुकीमुळे या टप्प्यानंतर वेगळेपणच संपलं. जो तो एकाच क्रमांकाची पाटी घेऊन दारात उभा. दुरुस्ती १.८.७ या आवृत्तीत आली.

किस्सा चमचमीत आहे, पण तो अपवाद आहे. नेटवर्कवर पसरलेली फाइल सिस्टिम उभी करताना जे जे बिघडतं, त्यात खुद्द फाइल सिस्टिमचा दोष क्वचितच असतो. नाव, घड्याळ, किल्ली आणि परवानगी, या चार संशयितांची आधी झडती घ्यावी. बहुतेक प्रकरणं तिथेच मिटतात.

दोन अँड्र्यू आणि एक दुर्गुण

एएफएस म्हणजे अँड्र्यू फाइल सिस्टिम; ओपनएएफएस हा तिचाच मुक्त अवतार. हा अँड्र्यू कोण? एक नाही, दोघं आहेत. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी आणि बँकवाले अँड्र्यू मेलन. अमेरिकेत पिट्सबर्गला या दोघांच्या नावाचं विद्यापीठ आहे. तिथे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएमच्या साथीनं हा प्रकल्प उभा राहिला. कॅम्पसमधल्या हजारो संगणकांपैकी कुठल्याही एकापुढे बसा, तुमच्या फाइली तिथे हजर, असं स्वप्न होतं. शिल्पकारांत प्रमुख नाव महादेव सत्यनारायणन यांचं. आयआयटी मद्रासचा हा माजी विद्यार्थी त्या वर्तुळात नुसता ‘सत्या’ म्हणून ओळखला जातो. २०१६ चा एसीएम सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मिळाला, तो याच कामासाठी.

मंडळी विनोदी होती. सर्व्हरच्या बाजूला त्यांनी ‘व्हाइस’ म्हटलं आणि वापरणाऱ्याच्या बाजूला ‘व्हर्च्यू’. सद्गुण पुढे विस्मरणात गेला, दुर्गुण तेवढा टिकला. आजही सर्व्हरवर फाइली ठेवायच्या डिस्कच्या भागाला ‘व्हाइसपी-ए’, ‘व्हाइसपी-बी’ अशीच नावं द्यावी लागतात. झेडपर्यंत पोचलात की एए, एबी करत आयव्हीपर्यंत. मोजून पाहा, २५६ नावं भरतात. दुसरं कुठलंही नाव दिलंत तर सर्व्हर त्या डिस्ककडे ढुंकूनही बघत नाही, आणि तक्रारही करत नाही.

इथे नवख्यांची हमखास विकेट पडते. सराव म्हणून वेगळी डिस्क न जोडता साधा फोल्डर बनवला, त्याला व्हाइसपी-ए हे नाव दिलं, सर्व्हर सुरू केला. सर्व्हर म्हणतो, जागाच नाही. कारण त्याला स्वतंत्र पार्टिशन हवं असतं. उगाच मुख्य डिस्क भरून सगळं यंत्र ठप्प होऊ नये म्हणून ही काळजी. यावर तोडगा फारच मजेदार आहे. त्या फोल्डरात ‘ऑलवेजअटॅच’ नावाची एक रिकामी फाइल ठेवायची. आत एक अक्षरही नको. तेवढ्यानं साहेब राजी होतात.

सारखं विचारू नका

पहिल्या आवृत्तीत प्रत्येक संगणक फाइल उघडताना सर्व्हरला विचारायचा, माझ्याकडची प्रत अजून ताजी आहे ना? उत्तर बहुतेक वेळा ‘हो’च असायचं, पण प्रश्नांच्या माऱ्यानं सर्व्हर घायकुतीला यायचा. एका सर्व्हरमागे वीसेक संगणक झाले की दमछाक. मग युक्ती निघाली. गिरणीवाला जसा म्हणतो, ‘हेलपाटे घालू नका, दळण झालं की पोराला पाठवतो’, तसा सर्व्हरनं शब्द दिला: फाइल बदलली तर मीच कळवीन, तोवर तुमच्याकडची प्रत खुशाल वापरा. याला कॉलबॅक म्हणतात. त्यानंतर तोच सर्व्हर पन्नासेक संगणकांना पुरू लागला.

आता यातली मेख. निरोप पोचायचा तर दार उघडं हवं. संगणकाच्या बाजूचं ते दार म्हणजे पोर्ट ७००१, तेही यूडीपीचं. फाइल सर्व्हर ७००० वर, वापरकर्त्यांची यादी सांभाळणारा ७००२ वर, कुठला व्हॉल्यूम (म्हणजे फाइलींचा एकत्र हलवता येणारा गठ्ठा) कुठे आहे ते सांगणारा ७००३ वर, व्हॉल्यूम हलवणारा ७००५ वर, आणि या सगळ्यांवर देखरेख करणारा ‘बॉस’ ७००७ वर. (खरंच बॉस. बेसिक ओव्हरसियर सर्व्हरची आद्याक्षरं.) फायरवॉल लावणारा माणूस हाताच्या सवयीनं टीसीपी उघडतो आणि निर्धास्त होतो. मग पिंग जातं, लॉगिन होतं, फाइल मात्र मिळत नाही.

मी कोण? मीच!

संशयित क्रमांक एक: नाव. डेबियन किंवा उबुंटू बसवताना इन्स्टॉलर होस्ट्स फाइलमध्ये एक ओळ गुपचूप लिहून ठेवतो, की या यंत्राचा पत्ता १२७.०.१.१. हा पत्ता प्रत्येक संगणकावर स्वतःकडेच बोट दाखवतो. एरवी त्यानं काही बिघडत नाही. पण एएफएसचा सर्व्हर पहिल्यांदा उठतो तेव्हा ‘माझा पत्ता काय?’ असं विचारून मिळालेलं उत्तर पत्त्यांच्या नोंदवहीत चढवू शकतो. मग दूरचा संगणक विचारतो, फाइल कुठे आहे? उत्तर येतं, १२७.०.१.१ वर. तो बिचारा स्वतःचेच खिसे चाचपत बसतो.

यातला क्रूर भाग असा की सर्व्हरवर बसून तपासलं तर सगळं छान चालतं. ‘माझ्याकडे तर दिसतंय’ हे ॲडमिनचं लाडकं वाक्य इथे शंभर टक्के खरं असतं आणि शंभर टक्के निरुपयोगीही. ‘व्हॉस लिस्टॲड्र्स’ ही कमांड मारली की नोंदवहीतला खरा मजकूर दिसतो. होस्ट्स फाइल सुधारावी, आणि यंत्राला दोन-तीन नेटवर्क कार्डं असतील तर ‘नेटइन्फो’ आणि ‘नेटरिस्ट्रिक्ट’ या दोन फाइलींत कुठला पत्ता सांगायचा नि कुठला झाकायचा ते लिहून द्यावं.

जाता जाता: डीएनएस या इंटरनेटच्या पत्तेखात्यात एएफएससाठी खास नोंदप्रकार आहे, क्रमांक १८, सन १९९०. एकट्या फाइल सिस्टिमसाठी असा मान कितीजणांना मिळाला असेल?

साडेपाच तासांचं भूत

संशयित क्रमांक दोन: घड्याळ. एएफएसमध्ये ओळख पटवण्याचं काम कर्बेरॉसकडे असतं; ओळख पटली की तो तिकीट देतो. हा ग्रीक पुराणातला तीन तोंडांचा कुत्रा एमआयटीच्या ॲथेना प्रकल्पात वाढला आणि त्याला वेळेची शिस्त कडक लागते. दोन यंत्रांच्या घड्याळांत पाच मिनिटांहून जास्त फरक पडला, की पासवर्ड बरोबर असूनही तो हाकलून देतो. मूळ मांडणीप्रमाणे सेफ नावाची आजची लोकप्रिय साठवण-प्रणाली तर याहून सोवळी: तिच्या मॉनिटरांच्या घड्याळांत ०.०५ सेकंदाचा फरक पडला तरी ती इशारा देऊ लागते.

आपल्याकडचा खास देशी घोळ असा. यंत्राचा टाइमझोन ग्रिनिचवरच राहिलेला असतो. कुणीतरी मनगटावरच्या घड्याळात बघून हातानं वेळ लावतो. आता दोन्ही पडद्यांवर सकाळचे ११ दिसतात, पण आतून दोघांत चक्क साडेपाच तासांचं अंतर. डोळ्यांनी तपासून हे भूत कधीच सापडत नाही. दोन्हीकडे वेळ ग्रिनिचमध्ये छापून बघा, लगेच उघडं पडतं.

१९२७०४०८

हा फोन नंबर नाही. एएफएस अशा आकड्यांत रडतं. १९२७०४०८ म्हणजे ‘तुम्ही आणलेल्या तिकिटावरच्या किल्लीची आवृत्ती मला ठाऊक नाही’. १९२७०४०७ म्हणजे ‘तिकीटच खोटं’. ५३७६ म्हणजे ‘बहुमत झालेलं नाही’. आकड्याचा अर्थ ‘ट्रान्सलेट-ईटी’ नावाची छोटी कमांड सांगते, पण मुरलेल्या ॲडमिनला पहिले दोन-तीन पाठच असतात.

०८ चा खुनी जवळजवळ नेहमी सारखाच, संशयित क्रमांक तीन: किल्ली. एमआयटीच्या कर्बेरॉसमध्ये सर्व्हरची किल्ली फाइलीत उतरवून घ्यायची कमांड आहे, ‘केटीॲड’. नाव ऐकून वाटतं, नुसती प्रत काढत असेल. छे! मूळ मांडणीत ती प्रत काढताना आधी कुलूपच बदलते आणि आवृत्तीचा क्रमांक एकनं वाढवते. दोन सर्व्हर आहेत म्हणून तुम्ही दोनदा कमांड चालवलीत, की पहिल्या सर्व्हरची किल्ली तुमच्या हातानंच भंगारात गेली. एकदाच उतरवायची आणि तीच फाइल सुरक्षितपणे सगळीकडे न्यायची, हा साधा नियम.

किल्लीवरून आणखी एक. एएफएस कित्येक वर्षं डेस या १९७७ च्या अमेरिकी सरकारी पद्धतीच्या ५६ बिटांच्या किल्लीवर विसंबून होतं. १९९८ मध्ये ईएफएफ या संस्थेच्या ‘डीप क्रॅक’ यंत्रानं ती ५६ तासांत फोडून दाखवली. ५६ बिट, ५६ तास, जुळवून आणल्यासारखं. ओपनएएफएसनं मात्र सर्व्हरची किल्ली डेसच्या तावडीतून सोडवली ती जुलै २०१३ मध्ये. पंधरा वर्षं! ही दिरंगाई मला आजही क्षम्य वाटत नाही, मग कारणं कितीही तांत्रिक असोत.

अर्ध्या मताची निवडणूक

नोंदवह्या सांभाळणारे सर्व्हर सहसा तीन ठेवतात. त्यातल्या कुणी लिहायचं हे ठरवायला त्यांची आपसांत सतत निवडणूक चालू असते. या निवडणूक पद्धतीचं नाव युबिक. उमेदवारीचा निकष? ज्याचा आयपी पत्ता सर्वांत लहान, त्याला प्राधान्य. कर्तबगारी, वेग, मेमरी, काहीही बघत नाहीत. वर त्याच्या मताला थोडं जादा वजन, साधारण अर्ध्या मताचं. त्यामुळे दोनच सर्व्हर असले तरी कोंडी होत नाही. लहान पत्त्याचा एकटाही निवडून येतो. मोठा एकटा उरला तर मात्र तो वाचू देतो, लिहू देत नाही.

म्हणूनच एखाद्या दिवशी कोपऱ्यातलं सर्वांत जुनं, धापा टाकणारं यंत्र साऱ्या सेलचा (म्हणजे एका कारभाराखालच्या एएफएस यंत्रांच्या गावाचा) सरपंच होऊन बसतं. त्याचा पत्ता .२ असतो ना! शिवाय घड्याळं काही सेकंदांनी जरी भरकटली किंवा मतदारयादी, म्हणजे ‘सेलसर्व्हडीबी’ फाइल, प्रत्येकाकडे वेगळी असली, तर निकालच लागत नाही आणि ५३७६ चा जप सुरू होतो. ‘यूडीबग’ कमांड कोणी कोणाला मत दिलं ते उघड सांगते. गुप्त मतदानाची भानगड इथे नाही.

रविवार, पहाटे चार

दर आठवड्याला एकदा, पहाटे, सगळ्यांच्या फाइली काही क्षण गोठतात. हल्ला? वीज? भुताटकी? जुन्या एएफएसच्या मूळ मांडणीत बॉस दर रविवारी पहाटे ४ वाजता हाताखालच्या सगळ्या प्रक्रिया बंद करून पुन्हा उठवत असे. मेमरीची गळती साफ व्हावी म्हणून त्या काळी केलेली ही सोय. रविवारी पहाटे कोण काम करतं, असा हिशेब असणार. पण रात्रभर चालणारी गणितं रविवार पाळत नाहीत. ‘बॉस गेटरिस्टार्ट’ विचारा; वेळ दिसली तर ‘नेव्हर’ करून टाका.

रात्रीच्या कामांचा दुसरा शत्रू म्हणजे टोकन, कर्बेरॉसच्या तिकिटावर मिळणारा एएफएसचा पास. कर्बेरॉसचं तिकीट ठराविक तासांनी संपतं. संध्याकाळी सुरू केलेलं काम पहाटेपर्यंत उत्तम चालतं आणि मग अचानक ‘परवानगी नाही’. सकाळी येऊन लॉगिन केलं की सगळं पुन्हा सुरळीत, कारण लॉगिन करताच नवं टोकन मिळालेलं असतं! पुरावा तुम्हीच पुसलात.

७७७ चा काही उपयोग नाही

चौथा संशयित, परवानगी. युनिक्सवाल्यांचं ब्रह्मास्त्र म्हणजे ‘सीएचमॉड ७७७’. एएफएसवर ते फुसकं निघतं. इथे परवानगी फाइलीला नसते, फोल्डरला असते, आणि ती सात अक्षरांत लिहितात: वाच, यादी बघ, नवं टाक, काढ, लिही, कुलूप लाव, कारभार कर. गट आणि इतर यांच्यासाठीचे ते जुने आकडे एएफएस सरळ दुर्लक्षित करतं. मी तर म्हणेन, छानच करतं.

आणि ‘बदल केला, पण दिसत नाही’ अशी तक्रार आली, तर आधी एकच प्रश्न विचारावा: ‘व्हॉस रिलीज’ केलंत का? वाचण्यासाठीच्या प्रती वेगळ्या असतात. मूळ व्हॉल्यूममध्ये कितीही लिहा, रिलीज केल्याशिवाय त्या हलत नाहीत. बिघाड नाहीच, प्रकाशन राहिलंय.

शेजारच्या वाड्यातले नमुने

एएफएसचा थोरला प्रतिस्पर्धी एनएफएस (नेटवर्क फाइल सिस्टिम), १९८० च्या दशकाच्या मध्यावर सन मायक्रोसिस्टिम्समधून बाहेर पडलेला. १९९४ च्या ‘युनिक्स-हेटर्स हँडबुक’नं याला ‘नाइटमेअर फाइल सिस्टिम’ ठरवून आख्खं प्रकरण वाहिलं.

त्याच्या ‘एक्सपोर्ट्स’ फाइलमधली रिकामी जागा तर कुप्रसिद्ध. यंत्राचं नाव आणि लगेच कंसात लिहिण्याचा अधिकार, मध्ये जागा नको. चुकून स्पेसबार दाबलात तर अर्थ होतो: त्या यंत्राला नेहमीचे अधिकार, आणि लिहिण्याचा अधिकार उरलेल्या साऱ्या जगाला. एका टिचकीत वाडा धर्मशाळा!

याच्याकडे एक कायमचा भाडेकरू आहे, ‘नोबडी’, क्रमांक ६५५३४. दूरच्या यंत्राचा रूट आला की सर्व्हर त्याचा मुकुट काढून त्याला नोबडी करतो. हे मुद्दाम. पण आवृत्ती ४ मध्ये दोन्हीकडच्या डोमेनचं नाव जुळलं नाही की तुमच्या-माझ्या साऱ्या फाइलींचा मालकही नोबडी दिसू लागतो. ते मात्र सेटिंग चुकल्याचं लक्षण.

कुणी १७ गटांत सभासद असेल, तर जुन्या साध्या ओळखपद्धतीत सतरावा गट गायब. पत्रकात रकानेच १६. आणि उघडी फाइल कुणी पुसली, तर एनएफएस तिला ‘.एनएफएस’नं सुरू होणारं चमत्कारिक नाव देऊन लपवतं. या युक्तीचं जाणकारांतलं अधिकृत नाव ‘सिली रिनेम’. तो कचरा हातानं काढायला गेलात की दुसऱ्या नावानं परत उगवतो. आधी फाइल धरून बसलेला प्रोग्रॅम बंद करावा लागतो.

भुर्रकन

एएफएसच्या एका फोल्डरात छोट्या नावांच्या चौसष्ट हजारांच्या आसपास फाइली मावतात. नावं लांब असली तर त्याहून खूप कमी. भरला की नवी, शून्य बाइटची फाइल बनवतानाही उत्तर मिळतं: ‘फाइल फार मोठी आहे’.

व्हॉल्यूम एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवताना त्यावर काम करणाऱ्याला उठवावं लागत नाही. ही करामत १९८० च्या दशकातली आहे.

लिनक्सचा कर्नल अपडेट झाला आणि ओपनएएफएस मेलं? परवाने जुळत नसल्यानं त्याचं मॉड्यूल कर्नलच्या घरात राहू शकत नाही. प्रत्येक नव्या कर्नलसाठी ते पुन्हा बांधावं लागतं. यंत्र महिनोन्‌महिने बंद केलं नसेल, तर बांधायचं राहिल्याचं कळतं ते नेमकं वीज जाऊन आल्यावर.

सेफच्या आवृत्त्यांची नावं बहुतेक अष्टपादांच्या गोतावळ्यातली आणि वर्णक्रमानं: अर्गोनॉट, बॉबटेल, कटलफिश करत क्राकेन, नॉटिलस, ऑक्टोपस, स्क्विड.

आणि लॉग बोलेनासा झाला तर

एवढी झडती घेऊनही गाडी अडली, तर फाइल सर्व्हरलाच बोलतं करायचं. त्यासाठी सर्व्हर बंद करायची गरज नाही. चालू प्रक्रियेला ‘टीएसटीपी’ हा संदेश पाठवायचा. एरवी हा संदेश कंट्रोल आणि झेड दाबल्यावर जातो आणि त्याचा अर्थ ‘थांब’. एएफएसच्या सर्व्हरला मात्र तो मिळाला की तो जास्तच बोलू लागतो: पहिल्यांदा पातळी १, मग ५, मग २५, मग १२५. दर वेळी पाचपट. गप्प करायचं असेल तर ‘हँग-अप’चा संदेश द्यायचा, तो थेट शून्यावर येतो. १२५ वर नेऊन घरी जाऊ नका. गर्दीच्या सर्व्हरवर लॉग डिस्क खात सुटतो, आणि सकाळी नव्या बिघाडाचं कारण शोधायला पुन्हा तुम्हालाच बसावं लागतं.